पेरमटोल्याचे शिलेदार

"साहेब, मास्तर मेला! गोट्याखाली दबून मेला!"

झाडू गुराखी अहेरीच्या ठाण्यात शिरला तो असा ओरडतच. फौजदार देवराव चुधरी चहाची बशी तोंडाला लावत होते. ती त्यांनी खाली ठेवली.

"कोण मास्तर?"

"इतिहासवाले जी. निमगडे मास्तर."

"कुठं?"

"पेरमटोल्याले. नाल्यावरच्या गोट्याईत."

चुधरी टोपी घेऊन उठले. पोलिसखात्यात आलेला माणूस कोणाचा तरी विद्यार्थी असतो हे लोक विसरतात. चुधरी हे गुणवंतराव निमगडे मास्तरांचे विद्यार्थी. आरमोरीच्या शाळेत त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेले, आणि त्यांच्या तोंडच्या गोष्टी ऐकून जेवणखाण विसरलेले.

हवालदार इतवारीनं जीप काढली. जीपचा रस्ता संपला तिथून पुढं गाडीरस्त्यानं पायी. मार्च लागला होता, रान वाळून खडखडीत झालं होतं. पेरमटोला म्हणजे माडियांची चार घरं, आणि गावाबाहेर नाल्याच्या काठावर उभे दगड. माणूस मेला की त्याच्या नावानं डोंगरातून दगड आणून उभा करायचा ही त्यांची रीत. इकडे त्याला गोटाच म्हणतात. मोठ्या माणसाचा मोठा गोटा, लहानाचा लहान.

त्यातला सगळ्यात मोठा गोटा पालथा पडला होता. त्याच्या पायथ्याशी एक खड्डा होता, आणि खड्ड्यात, गोट्याखाली, मास्तर.

बल्ल्या लावून गोटा सरकवला. पुढचं पाहवत नव्हतं. मागून आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, आदल्या दिवशीच गेलेत, बसल्या जागी गेलेत. चुधरींनी टोपी काढली आणि नाल्याकडे तोंड करून उभे राहिले. मग नाक पुसलं, टोपी घातली आणि कामाला लागले. रडायला घर आहे, पंचनामा इथंच करायचा होता.

खड्ड्यात मास्तरांच्या हाताशी एक फावडं होतं. फावड्याला ताजी माती. सब्बल, म्हणजे पहार, नाही; कुदळ नाही. खड्ड्याच्या कडेला उपसलेल्या मातीचा जुना ढीग, त्यावर गवत उगवून वाळलेलं. ढिगाचा एक कोपरा मात्र ताजा कापलेला.

आणि आणखी एक गोष्ट. गोटा सरकवण्याआधीच ती चुधरींच्या नजरेत भरली होती. पालथ्या गोट्याच्या पाठीवर जांभळीची एक फांदी ठेवली होती. पानं मलूल झालेली. फांदीवर एक लहान खडा.

"हे काय रे?"

"रीत हाय साहेब," इतवारी म्हणाला. "वाघानं मारला, झाडावरून पडला, असा वाईट मेला ना माणूस, तं त्या जागेवर जाणाऱ्यानं हिरवी फांदी टाकाची. आमच्या इकडं सारेच टाकतात."

"झाडू, तू टाकलीस?"

"नाई जी! मी कायले टाकतो? मी तं पाय लावून पळालो."

"मग कोणी?"

इतवारीनं हात झटकला. "गेला असन कोणी वाटसरू. पोलिसाची झंझट कोण मागं लावून घेते?"

चुधरींनी आजूबाजूला पाहिलं. गावाकडून येणाऱ्या गाडीरस्त्याला साग आणि मोह. जांभळीचं झाड काही दिसेना. ते होतं मागच्या अंगाला, नाल्यात.

---

आता मास्तरांचं खूळ सांगायला हवं, नाहीतर खड्डा कशाचा ते कळायचं नाही.

मास्तर वर्गात अभ्यासक्रमाला कंटाळले की पुस्तक मिटायचे आणि मंदिराच्या शिलेदारांची गोष्ट सांगायचे. फार जुनी गोष्ट. जेरुसलेमच्या मंदिराच्या जागेवर राहणारे ख्रिस्ती योद्धे. टेम्पलर त्यांचं नाव. पांढरा झगा, छातीवर तांबडा क्रूस. गरिबीची शपथ घेतलेली, म्हणून म्हणे एका घोड्यावर दोघं बसायचे. पुढं त्यांचा पंथ इतका गब्बर झाला की फ्रान्सच्या राजाची नियत फिरली. एका शुक्रवारी, तेरा तारखेला, त्यानं सगळ्यांना एकदम धरलं. त्यांच्या म्होरक्याला पुढं जिवंत जाळलं. जळता जळता त्यानं राजाला आणि पोपला शाप दिला, आणि वर्षाच्या आत दोघंही मेले, असं म्हणतात.

"अन् त्यांची जहाजं?" मास्तर आवाज खाली आणायचे. "खजिन्यानं भरलेली जहाजं बंदरातून गेली ती गेलीच. कुठी गेली?"

जगात कोणी म्हणतं स्कॉटलंडला, कोणी म्हणतं पोर्तुगालला, कोणी महासागरापलीकडच्या बेटावर. पुराव्याच्या नावानं सगळीकडेच बोंब. मास्तरांचं म्हणणं, त्यातलं एक गोदावरीच्या मुखाशी लागलं. तिथून ते शिलेदार डोंग्यांनी वर आले, प्राणहितेला लागले आणि आपल्या या जंगलात मेले. पोरं हसायची. मास्तरही हसायचे. गंमत होती ती, गंमतीपुरती.

मग त्यांचा एकुलता एक आनंद भामरागडकडे शिक्षक म्हणून गेला. पावसाळ्यात रस्ते तुटले, हिवताप डोक्यात चढला आणि पोरगा औषधावाचून गेला. प्रेत डोंग्यातून आणावं लागलं. मास्तरांची बायको आधीच गेलेली. बुद्धवंदना झाली, माणसं आपापल्या घरी गेली, आणि मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले ते उठेचनात. तेव्हा चुधरी भेटायला आले होते. मास्तरांनी त्यांना ओळखसुद्धा दिली नव्हती.

पण काही महिन्यांनी बातमी आली की मास्तर उठले. उठले कसले, धावायला लागले! पेरमटोल्याच्या गोट्यांवर क्रूस सापडले होते. गंमत खरी झाली होती. गेली दोन वर्षं मास्तर त्या क्रूसांवर जगत होते, मोठ्या गोट्याच्या पायथ्याशी खणून शिलेदारांच्या खुणा शोधत होते. नागपूरचे एक प्राध्यापक येत्या रविवारी ते पाहायला येणार होते.

---

आरोपी शोधायला इतवारीला वेळ लागला नाही. आठवडी बाजारात, साऱ्या अहेरीदेखत, पेरमटोल्याच्या वारलूनं मास्तरांची गचांडी धरली होती. "पुन्हा खोदशील तं जीव घेईन," असं तो म्हणाला होता. ऐकणारे शंभर साक्षीदार. वारलूला कोठडीत घातला. चंद्रपूरहून वायरलेस आला: आरोपीला उद्या संध्याकाळच्या गाडीनं पाठवून द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुधरी ठाण्यात आले तर चिंचेखाली एक बाई बसली होती. वारलूची बायको, बुधरी. पाठीला तान्हं बांधलेलं, शेजारी एक लहान पोरगी.

"घरी जा बाई. इथं बसून काय होणार?"

बुधरी हलली नाही. "चंद्रपूरले नोको धाडू साहेब. मा भाऊ धाडला होता. तो मेल्याचा निरोपच आला फक्त."

"न्याय होईल तिथं."

"तिथी आमची बोली कोणाले येते?"

चुधरी वळले. ते आत गेले आणि वारलूला समोर बसवलं.

"मास्तरांना मारलंस?"

"नाई."

"बाजारात म्हणालास ना, जीव घेईन?"

"म्हणलो. मा बापाले उकरून राह्यला होता तो."

"बापाला?"

"तो मोठा गोटा मा बापाचा हाय. साऱ्या गावानं डोंगरातून आणला."

"कधी?"

"मोठा दुकाल पडला ना, मिलो खाल्ला लोकाईनं, त्याच्या दुसऱ्या साली."

चुधरींची लेखणी थांबली. मिलो म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. कालपरवाची गोष्ट. "तेव्हा त्यावर फुलीसारखी खूण होती?"

"नाई. ते मंग कोणं तरी केलं." वारलूचे डोळे भरून आले. "मा बापाच्या छातीवर कोणं चिरा मारला, साहेब? मी कोणाले पुसू?"

"मास्तरांना सांगितलंस हे?"

"किती खेपा सांगलो. ते म्हणे, तुमी जुनाच दगड उचलून आणला असन. आयकाचंच नाई त्याईले. बाजारात गचांडी धरलो, तवा आयकलं."

"काय म्हणाले?"

"काईच नाई. माह्या तोंडाकडे पाहत राह्यले. मंग म्हणे, मलेबी पोरगा होता."

इतवारी मध्ये पडला. "पाहा साहेब, सरळ कबूल नाही करणार हा. राग होता, जागा याच्या गावची..."

"जागेचंच विचारतो," चुधरी म्हणाले. "वारलू, तुला मारायचंच असतं तर तिथं मारलं असतंस?"

वारलूनं त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू साहेबांचं डोकं फिरलं. "तिथी कोण मारन? तिथी मेला तो तिथीच राह्यते. मा बापाच्या उशाले मी मास्तरले काऊन झोपवू?"

चुधरी उठले. वारलू खोटं बोलत असेल तर त्याच्याएवढा नट नागपूरच्या थेटरात नव्हता. पण चंद्रपूरचे साहेब डोळ्यांतलं पाणी पुरावा म्हणून घेत नाहीत.

---

मास्तरांच्या घरी त्यांची बहीण इंदुताई होती. वैधव्यानंतर भावाकडेच राहत होती. तिच्यापाशी खाकी कपड्यांतला एक माणूस मान खाली घालून बसला होता. वनरक्षक पत्रू. मास्तरांचा जिवाभावाचा दोस्त.

"ताई, त्या दिवशी दादा कशाला गेले होते तिकडे?"

"मले का सांगते तो?" इंदुताईनं डोळे पुसले. "सकाळी पोस्टात गेला. नागपूरच्या पाव्हण्याले ट्रंक कॉल लावला. बहिरा माणूस, केवढ्यानं ओरडे म्हणतात! आज पोस्टमास्तरच आले होते सांगाले, म्हणे, येऊ नका, येऊ नका, असं ओरडत होता. मंग घरी आला, फावडं घेतलं. म्हणे, इंदे, एक काम राहून गेलं, करून येतो. उशीर झाला तं जेवून घेजो."

पत्रूनं मान वर केली. पण इंदुताईच्या रडण्यात त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. चुधरींचं सोडून.

"आनंद गेल्यावर दादांना उठवलं कोणी, ताई?"

"या पत्रूभाऊनं. याचे उपकार फिटायचे नाईत. दादा अन्न घेईना, पाणी घेईना. एक दिवस हा धावत आला. मास्तर, चला, तुमच्या घोडेस्वाराईची खूण सापडली म्हणे गोट्यावर! अन् दादा उठला, साहेब. चप्पल घालाचंही भान नाई राह्यलं."

चुधरी पत्रूकडे वळले. "भाऊ, मला त्या जागेवर घेऊन चला. तुमच्या वाटेनं."

"चला जी," पत्रू म्हणाला.

पत्रूची वाट गाडीरस्त्यानं नव्हती. वननाक्यापासून निघून ती नाल्यानाल्यानं जात होती. वाटेत जंगलखात्याचे हद्दीचे मुनारे, दगडांत कोरलेले आकडे, आकड्यांत डांबर भरलेलं.

"हे कोण कोरतं?"

"मीच कोरतो जी. छन्नी-हातोडा सरकारी, हात माहा." पत्रूच्या आवाजात थोडा जीव आला आणि लगेच गेला.

पुढं वाटेच्या कडेला वाळलेल्या फांद्यांचा ढीग होता. पूर्वी एका लाकूडतोड्याला वाघानं मारल्याची जागा. पत्रू मास्तरांबद्दलच बोलत होता. मास्तरांनी त्याच्या पोरीला फुकट शिकवलं, मास्तरांनी त्याच्या आजारात रात्री जागवल्या. बोलता बोलता त्यानं हात लांब केला, एक हिरवी डहाळी तोडली, ढिगावर ठेवली. वाकून खडा उचलला आणि तिच्यावर ठेवला. त्याचं त्यालाच कळलं नसेल.

"खडा कशाला, भाऊ?"

"वाऱ्यानं उडून जाते ना जी. मेलेल्याले दिलेलं उडू नाई देवाव. मा बाप असाच ठेवे."

"सगळे ठेवतात?"

"नाई. आमच्या घरचीच आदत हाय."

चुधरी पुढं चालू लागले. त्यांना वाटलं, इथूनच मागं फिरावं. हा माणूस किती बरा होता हो! पण चिंचेखाली बुधरी बसली होती.

गोट्यांपाशी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पडलेल्या गोट्याच्या शेजारच्या दोन लहान गोट्यांवरही क्रूस होते. चुधरींनी एकाच्या चिरेत बोट घातलं आणि फिरवलं. बोट काळं झालं. रुमालाला पुसलं, जाईना. नाल्याच्या पाण्यात धुतलं, तरी जाईना.

मग ते मोठ्या गोट्याच्या बुडाशी, मागच्या अंगाला गेले. तिथं दगडाची कड ताजी खरचटलेली होती. मातीत सब्बल रुतवल्याचं भोक.

"तुमच्या नाक्यावर सब्बल आहे, भाऊ?"

"हाय जी," पत्रू म्हणाला. तो नाल्याकडे पाहत होता.

---

चंद्रपूरची गाडी यायला अवकाश होता. वारलूच्या हातात बेड्या घालून त्याला पडवीत बसवलं होतं. बुधरी पायरीपाशी येऊन बसली होती. आत चुधरी, इतवारी, इंदुताई आणि पत्रू.

"इतवारी, बेड्या काढायची चावी हाताशी ठेव," चुधरी म्हणाले.

"कोणाच्या जी?"

"ऐक. मारणारा माणूस आधी पाहतो की आपण कोणाला मारतोय. गोटा मागून, सब्बलीनं उचकून पाडलाय. गोटा पुरुषभर उंच. मागं उभ्या माणसाला पुढच्या खड्ड्यात काय आहे ते दिसतच नाही. आणि मास्तर बसले होते. दमून, सावलीला. कानानं कमी ऐकू यायचं, सब्बलीचा आवाज त्यांना आलाच नाही. ज्यानं गोटा पाडला त्याला मास्तर तिथं आहेत हे ठाऊक नव्हतं. त्याला माणूस मारायचा नव्हता. गोटा पाडायचा होता."

"गोटा? गोट्यानं कोणाचं का बिघडवलं?" इतवारीला काही उमगेना.

"गोट्यानं नाही, क्रूसानं. गोटा पालथा पडला की क्रूस मातीत. खड्ड्यामुळं आपोआप कलंडला म्हणतील लोक. मग बाकीचे दोन खरवडून काढायचे. रविवारी प्राध्यापक येणार, त्यांनी एकदा पाहिलं असतं की सगळं उघडं पडलं असतं."

"का उघडं पडलं असतं?" इंदुताईनं विचारलं.

चुधरींनी आपलं बोट पुढं केलं. अजून काळं होतं. "सातशे वर्षांपूर्वीच्या शिलेदारांकडे डांबर कुठून आलं, ताई? नवा चिरा पांढरा दिसतो. तो जुना दिसावा म्हणून कोणीतरी डांबर चोळलं. उन्हानं ते पाघळतं. आणि मोठा गोटा तर बहात्तरच्या दुष्काळानंतर उभा केलेला, वारलूच्या बापाचा. गाडीरस्त्याला जवळचा म्हणून निवडला असेल, मास्तरांचे पाय थकलेले होते ना! कोणाचा गोटा, कधीचा, हे त्या गावाला कोणी विचारलंच नाही. कोरणाऱ्यानं नाही, मास्तरांनी नाही. आपणही वारलूला धरल्यावर विचारलं."

चुधरींनी बोट खाली घेतलं.

"आता राहिली फांदी. माणूस मेल्याचं कळल्याशिवाय फांदी टाकत नाहीत. झाडूच्या आधी कोणाला तरी कळलं होतं. फांदी जांभळीची, म्हणजे तो नाल्याकडून आला आणि नाल्याकडून गेला. फांदीवर खडा. ती आदत एकाच घराची आहे." चुधरी पत्रूकडे वळले. "पत्रूभाऊ, गोटा पाडून तुम्ही पुढं पाहिलं. मग पळून जायचं सोडून, तशाही घाईत, नाल्यात उतरून फांदी आणलीत. ती आणली नसती तर मला तुमचं नाव कधी सुचलं नसतं."

पत्रू भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला.

"मी मारलो नाई जी," तो म्हणाला. "गोटा पाडलो. आवाज आला... मी पुढं गेलो तं मास्तरची चप्पल दिसली. ओढलो, उचलाले पाह्यलो. एकट्याच्यानं हालते का तो?"

"क्रूस का कोरले, भाऊ?" इंदुताईचा आवाज अगदी लहान झाला होता.

"मंग का करू, बाई? मेला असता ना तो तवाच! आनंदाचं प्रेत मीच आणलो डोंग्यातून. मास्तर भिंतीकडून तोंडच फिरवे ना. मले का येते? दगड कोरता येते. त्याची ती गोष्ट आठवली. म्हणलो, एक खूण करून पाहू, उठला तं उठला." पत्रूनं तोंड हातांत घेतलं. "उठला बाई. हासला. मंग मी कसा सांगू का खोटं हाय म्हणून? आता नागपूरवाले येऊन साऱ्या दुनियेत त्याले येडा ठरवणार होते. म्हणलो, आपणच केलं, आपणच निस्तरू."

"ते येणार नव्हते," चुधरी म्हणाले.

"मालूम हाय. सकाळी बाईनं सांगितलं."

"सगळं मालूम नाही तुम्हाला. मास्तरांच्या हातात फावडं होतं, सब्बल नव्हती. ढीग कापून माती खड्ड्यात टाकलेली होती. खणायला नव्हते गेले ते, खड्डा बुजवायला गेले होते."

पत्रूनं तोंडावरचे हात काढले.

"बाजारात वारलूनं गचांडी धरली तेव्हा त्यांना उमगलं, तो गोटा म्हणजे कोणाचा तरी बाप आहे. पोरगा गमावलेल्या माणसाला ते समजायला वेळ लागत नाही. प्राध्यापकांना नाही म्हणून सांगितलं आणि वारलूच्या बापावरची माती सारखी करायला गेले. शिलेदार सोडून दिले होते त्यांनी, पत्रूभाऊ. तुमच्या क्रूसाची गरज राहिली नव्हती."

पत्रूच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून इतवारीनंसुद्धा मान फिरवली. इंदुताई मात्र हुंदका गिळून उभी राहिली.

"दादाले तू जगवलं, भाऊ. ते मी मानते. पण आपल्या हातून झालं ते सांगायचं होतं ना रे! दोन दिवस माह्या घरी बसून माह्यासंगं रडला. अन् इथी हा माणूस बांधून होता."

"येडा म्हणतील लोक मास्तरले, म्हणून नाई बोललो. नोकरीचंही भेव होतं."

"आणि वारलू?" चुधरींनी विचारलं.

पत्रू जमिनीकडं पाहत म्हणाला, "म्हणलो, सुटन कधी तरी. जंगलचा माणूस हाय. त्याले का, आज इथी, उद्या तिथी."

पडवीतून साखळी वाजली. दार उघडंच होतं. वारलूनं सगळं ऐकलं होतं.

इतवारीनं बेड्या काढल्या. काढताना तो काहीतरी पुटपुटला. माफी असावी, पण हवालदाराला ती मोठ्यानं मागता येत नाही. बुधरी उठून वारलूच्या अंगाशी आली. पोरगी त्याच्या पायाला मिठी मारून बसली.

बाहेर चंद्रपूरची गाडी लागली. आरोपीची जागा राखलेली होती, त्या जागेवर आता पत्रू बसणार होता. चुधरींनी त्याला बेड्या घातल्या नाहीत. दंडाला धरून बाहेर आणलं.

पायरीवर वारलू वाटेत उभा राहिला. पत्रू त्याच्या पायाशी वाकायला गेला. वारलूनं त्याला वाकू दिलं नाही, खांद्याला धरून सरळ उभं केलं. मारतो की काय म्हणून इतवारी पुढं झाला. पण वारलूचा आवाज चढलेला नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं.

"मास्तरचा पोरगा मेला, तं मास्तर जगला पाह्यजे म्हणून तू गोटा कोरला," तो म्हणाला. "मी चंद्रपूरले मेलो असतो, तं मा पोरीसाठी कोणता गोटा कोरला असता, भाऊ?"

पत्रूनं पोरीकडं पाहिलं. कंडक्टर घाई करत होता. पत्रू गाडीत चढला.